शीआनची अडीच दिवसांची सहल : गाईड उत्तम, बेत फसवा

चीनमधले शीआन शहर पाहण्यासाठी मी आणि माझ्या पत्नीने ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्याच एका सहल-कंपनीकडून अडीच दिवसांची खासगी सहल घेतली. दोघांचे मिळून ३,२०० युआन दिले. त्यात इंग्रजी बोलणारी गाईड, चालकासह गाडी, प्रवेशाची तिकिटे आणि दोन दुपारची जेवणे धरलेली होती. हॉटेल मात्र आम्ही स्वतः शहराच्या तटाच्या आत, दक्षिण दरवाजाजवळ ठरवले होते. निकाल आधीच सांगतो. या सहलीतला लिन्तोंगचा, म्हणजे सम्राट छिन शी ह्वांगच्या समाधीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांचा, एक दिवस पैसे देऊन घेण्यासारखा आहे. उरलेला दीड दिवस कोणीही विकत घेऊ नये, कारण तो शहरापेक्षा दुकाने दाखवण्यासाठी आखलेला आहे. शहराचा यात काही दोष नाही आणि गाईड तर फारच चांगली होती. दोष सगळा बेताचा आहे.

शीआन ही शान्शी प्रांताची राजधानी. तिचे जुने नाव चांगआन, आणि १३ राजवटींची राजधानी म्हणून चिनी लोक तिचा अभिमानाने उल्लेख करतात. त्यांत छिन, पश्चिम हान आणि थांग ही मोठी नावे येतात. इतक्या जुन्या गावात पाहण्यासारखे अमाप असणार असे वाटते, पण थांग काळातले शहर आज जमिनीवर जवळजवळ उरलेले नाही. उरले आहेत ते दोन पॅगोडे, दगडांवर कोरलेले लेख, जमिनीखालचा ठेवा, आणि या सगळ्यानंतर मिंग राजवटीने चौदाव्या शतकात उभारलेला तट. त्यामुळे अडीच दिवसांत काय पाहायचे हे ठरवणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते पाहायच्या ठिकाणी पुरेसा वेळ हाती ठेवणे, आणि आमच्या सहलीचे घोडे नेमके तिथेच पेंड खात होते.

पहिल्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे साडेआठला गाडी हॉटेलच्या दारात हजर होती. लिन्तोंग शहराच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर आहे आणि सरळ गेलो असतो तर गर्दी होण्याच्या आत पोहोचलो असतो. पण कार्यक्रमपत्रिकेत ‘सैनिकमूर्तींची निर्मिती’ असे भारदस्त नाव असलेला एक टप्पा त्याआधी घातलेला होता. प्रत्यक्षात तो एक कारखाना निघाला: साच्यात माती दाबून दाखवणारा एक कारागीर, त्याचे पाच मिनिटांचे प्रात्यक्षिक, आणि त्यानंतर तीन दालने भरून विक्री. बोटभर उंचीच्या सैनिकापासून पुरुषभर उंचीच्या सेनापतीपर्यंत मूर्ती, लाखेचे काम केलेली कपाटे, रेशमी रजया आणि जेडच्या बांगड्या असा सगळा माल होता, आणि बाहेर पडण्याची वाट या तिन्ही दालनांतूनच काढलेली होती. तिथे आमची पन्नास मिनिटे गेली. आमची गाईड आत आलीच नाही. दारापाशी फोनमध्ये डोके घालून उभी राहिली आणि आम्ही रिकाम्या हातांनी बाहेर आल्यावर आमच्याकडे न पाहता गाडीकडे चालू लागली. तिचाही नाइलाज असावा, असे पत्नी म्हणाली, आणि संध्याकाळी ते खरे ठरले.

संग्रहालयाच्या फाटकात शिरल्यावर मात्र गाईडचे मोल कळले. तिकीट १२० युआनचे असते, ते पासपोर्टच्या क्रमांकावर आगाऊ काढावे लागते आणि फाटकावर तोच पासपोर्ट दाखवावा लागतो. हे सगळे तिने आधीच उरकून ठेवले होते. सैनिक ज्यांत सापडले असे तीन खड्डे इथे आहेत आणि बहुतेक जथे थेट पहिल्या खड्ड्याकडे धाव घेतात. तिने आम्हाला उलट्या क्रमाने नेले: आधी तिसरा, मग दुसरा आणि शेवटी पहिला. तिसरा खड्डा लहान आहे. त्यात ६८ मूर्ती आणि एक रथ सापडला, आणि ते या सेनेचे मुख्यालय असावे असे मानतात. दुसऱ्या खड्ड्याचा बराचसा भाग अजून खणलेला नाही. खचलेल्या लाकडी छताच्या तुळयांनी मातीत उमटवलेल्या लाटा तेवढ्या दिसतात, आणि घाईतला प्रवासी ‘इथे काही नाही’ म्हणून पुढे निघतो.

तसे करू नये, कारण याच दालनात काही निवडक मूर्ती काचेच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत आणि सैनिक हातभर अंतरावरून पाहण्याची सोय तिथे होते. त्यांत एक गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी आहे. गाईडने आम्हाला समोर उभे न करता पेटीच्या मागच्या बाजूला नेले आणि त्याच्या मागे वळलेल्या पायाच्या जोड्याचा तळ पाहायला सांगितले. त्या तळावर टाके कोरलेले आहेत. चवड्याला आणि टाचेला ते दाट आहेत आणि मधल्या भागात विरळ, कारण जोडा झिजतो तो दोन टोकांना. मातीत गाडण्यासाठी घडवलेल्या मूर्तीच्या, कोणालाही कधी दिसणार नाही अशा जागेवर, हा तपशील कोणीतरी सांभाळला होता. चिलखताच्या दोऱ्यांवर लाल रंगाचा पुसट अंशही दिसतो. बसलेले असल्यामुळे हे धनुर्धारी साधारण १.२ मीटर उंचीचेच आहेत. वरचे छत कोसळले तेव्हा उभ्या मूर्तींचा चुराडा झाला आणि हे पुष्कळसे वाचले.

मूळचे सगळेच सैनिक रंगीत होते. रंग लाखेच्या थरावर दिलेला होता आणि तो थर दोन हजार वर्षांच्या ओलीतून कोरड्या हवेत आला की काही मिनिटांत आकसून सुटतो. खणण्याचे काम इतके सावकाश चालते त्यामागे हेही एक कारण आहे, हे गाईडने सांगितल्यावर दुसऱ्या खड्ड्यातल्या त्या न उघडलेल्या मातीकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहिले.

पहिला खड्डा शेवटी पाहिल्याचा फायदा असा की तोपर्यंत डोळा तयार झालेला असतो. सुमारे २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद अशा छताखाली मातीच्या भिंतींमधल्या ११ बोळांत सैनिक रांगेने उभे आहेत; या एका खड्ड्यात सुमारे ६,००० मूर्ती असाव्यात असा अंदाज आहे, पण उभ्या केलेल्या मूर्ती त्यामानाने बऱ्याच कमी आहेत. बहुतेकांची तोंडे पूर्वेला, कारण छिन राज्याने जिंकलेली राज्ये त्या दिशेला होती. ज्या शेतकऱ्यांनी मार्च १९७४ मध्ये विहीर खणताना हा ठेवा उघडा केला, त्यांच्या विहिरीची जागा खड्ड्याच्या पुढच्या बाजूला खूण करून दाखवली आहे. पुढच्या कठड्यापाशी माणसावर माणूस असतो आणि हात उंचावून छायाचित्रे काढणाऱ्यांच्या फोनांतूनच सैनिक पाहावे लागतात. बाजूच्या पुलांवरून मागे चालत गेले की गर्दी विरळ होते आणि अगदी मागे दुरुस्तीचा भाग लागतो. तिथे अर्धवट जोडलेल्या मूर्ती प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून उभ्या केलेल्या असतात. कोणाला डोके नाही, कोणाच्या पोटात भगदाड, अंगावर क्रमांकाच्या चिठ्ठ्या. आम्हाला पुढच्या शिस्तबद्ध रांगांपेक्षा ही जागा जास्त आवडली. मूर्तींवर घडवणाऱ्या कारागिरांची नावे कोरलेली किंवा ठशाने उमटवलेली सापडतात; माल खराब निघाला तर कोणाला धरायचे हे कळावे, हा त्यामागचा हेतू. आमच्या कार्यक्रमपत्रिकेवर मात्र तक्रार कोणाकडे करायची ते कुठेच लिहिलेले नव्हते.

तक्रारीचे कारण तासाभरातच आले. सम्राट छिन शी ह्वांग याने इ.स.पू. २२१ मध्ये चीन एका छत्राखाली आणला आणि तो इ.स.पू. २१० मध्ये मरण पावला. त्याची खरी समाधी या खड्ड्यांच्या पश्चिमेला साधारण दीड किलोमीटरवर एका टेकाडाखाली आहे आणि ती अजून उघडलेली नाही. आत पाऱ्याच्या नद्या वाहत्या केल्याचे वर्णन सिमा छियान या इतिहासकाराने करून ठेवले आहे, आणि टेकाडाच्या मातीत पाऱ्याचे प्रमाण खरोखरच जास्त आढळले आहे. याच आवारात १९८० मध्ये सापडलेल्या दोन कांस्यरथांचे स्वतंत्र संग्रहालय २०२१ पासून उघडले आहे. रथ आणि घोडे खऱ्याच्या निम्म्या मापाचे आहेत; तिकीट तेच चालते आणि खड्ड्यांपासून तिथे जायला मोफत बस आहे. आम्ही बसच्या रांगेकडे वळलो तेव्हा चालकाचा फोन आला की जेवणाची ठरलेली वेळ झाली असून त्यानंतर जेडच्या दालनात आमची नोंद आहे. सकाळच्या पन्नास मिनिटांची किंमत अशी वसूल झाली आणि कांस्यरथ हुकले. जेवण एका अशा उपाहारगृहात होते जिथे फक्त परदेशी प्रवाशांचे गट जेवत होते. त्याबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

जेडच्या दालनासमोर गाडी थांबली तेव्हा आम्ही उतरण्यास नकार दिला. गाईडने कार्यालयात फोन लावला, बराच वेळ बोलणे झाले, आणि शेवटी तिने आम्हाला सरळ सांगितले की दुकाने वगळायची असतील तर ३०० युआन जास्त द्यावे लागतील, कारण आम्ही भरलेल्या रकमेत दुकानांकडून येणारे पैसे आधीच गृहीत धरलेले आहेत. आम्ही पैसे भरले. तेव्हापासून तिच्या खांद्यावरचे ओझे उतरल्यासारखे झाले आणि पुढचा दीड दिवस ती आमच्याबरोबर मोकळेपणाने हिंडली. वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच की हा पर्याय असतो, पण तो विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. नोंदणी करतानाच ‘दुकानांशिवाय किती?’ असे लेखी विचारावे. वाढीव रक्कम गेल्याचे मला वाईट वाटत नाही. ती पहिल्या सकाळीच मागितली असती तर रथ पाहून झाले असते.

दुसऱ्या दिवसाच्या पत्रिकेत शान्शी इतिहास संग्रहालय ठळक अक्षरांत होते. गाडीत बसल्यावर कळले की त्याचे आरक्षण मिळालेले नाही. या संग्रहालयाला प्रवेश मोफत आहे, पण आगाऊ नोंदणी लागते आणि जागा सुटल्या की पाहता पाहता संपतात. सोमवारी ते बंद असते. हे कंपनीला ठाऊक नसणे शक्य नाही. मोफत गोष्ट असल्यामुळे परतावा देण्याचा प्रश्नच येत नाही, असे तिचे उत्तर होते, आणि तर्काच्या दृष्टीने त्यात खोट काढता येत नाही.

पण त्या गैरसोयीतून एक चांगली गोष्ट झाली. गाईडने त्याऐवजी आम्हाला छोट्या रानहंस पॅगोड्याच्या आवारात नेले. इथे शीआन संग्रहालयही आहे आणि सकाळी तिथे आमच्याखेरीज व्यायाम करणारी वृद्ध मंडळी तेवढी होती. हा पॅगोडा सन ७०७ च्या सुमारास सुरू झाला. मुळात १५ मजल्यांचा, आता १३ मजल्यांचा आहे. १४८७ च्या भूकंपात तो वरपासून खालपर्यंत चिरला आणि पुढच्या एका भूकंपात ती भेग पुन्हा मिटली, अशी जुनी नोंद तिथे सांगतात. १५५६ च्या महाभूकंपात, ज्यात शान्शी परिसरात आठ लाखांहून अधिक माणसे दगावल्याचे मानले जाते, त्याचा शेंडा गेला. त्यानंतर कोणी नवा शेंडा बसवला नाही. वर मोडलेल्या विटांची ती ओबडधोबड कड तशीच आहे, आणि डागडुजीने नवीकोरी करून टाकलेल्या या शहरात ती पाहून बरे वाटते. भारतात जाऊन नालंदेला राहिलेला चिनी भिक्षू इत्सिंग याच मठात ग्रंथांची भाषांतरे करीत बसला होता.

मोठ्या रानहंस पॅगोड्यापाशी गर्दी पुन्हा सुरू झाली. ह्युएन त्संग आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ओळखीचा असतो, त्यामुळे मराठी माणसाला या जागी परके वाटण्याचे कारण नाही. तो सन ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन चांगआनला परतला. ते सुरक्षित ठेवण्यासाठी ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला गेला आणि ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो भाषांतरेच करीत राहिला. आपल्या प्रवासवृत्तांतात त्याने महाराष्ट्राचे आणि दुसऱ्या पुलकेशीचे वर्णन केले आहे: इथले लोक केलेला उपकार विसरत नाहीत आणि झालेला अपमान सोसत नाहीत, सूड घ्यायचा तर शत्रूला आधी सावध करून मग लढतात, असा त्याचा अभिप्राय आहे. हे आम्ही गाईडला सांगितले तेव्हा तिने आदल्या दिवशीच्या जेडच्या दालनाची आठवण काढली आणि ‘पटले’ असे म्हणून हसली.

आताचा सात मजली पॅगोडा सुमारे ६४ मीटर उंच आणि किंचित कललेला आहे. वर चढण्याचे वेगळे तिकीट आहे. जिना अरुंद, वर खिडकीपाशी रांग, आणि खिडकीतून दिसते ते मुख्यतः आधुनिक शहर. चढला नाहीत तरी चालेल. त्याऐवजी तळमजल्याच्या दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंचे कोनाडे पाहावेत. त्यांत ६५३ मध्ये कोरलेल्या दोन शिळा आहेत. ह्युएन त्संगच्या भाषांतरांसाठी थांग बादशहा थाइजोंग आणि त्याचा युवराज यांनी लिहिलेली प्रस्तावना आणि तिची पुरवणी छू स्वेइल्यांग या सुलेखनकाराच्या अक्षरात त्यांवर आहे. काचेआड असल्यामुळे लोक त्यांच्याकडे पाठ करून छायाचित्रे काढतात.

हीच प्रस्तावना आम्हाला दुपारी दुसऱ्यांदा भेटली. बेइलिन, म्हणजे शिळालेखांचे वन, हे संग्रहालय कंपनीच्या पत्रिकेत नव्हतेच. जेडच्या ऐवजी कुठे जायचे असे गाईडने विचारले तेव्हा आम्ही ते सुचवले आणि ती खुलली, कारण परदेशी पाहुणे तिथे जायला तयार होत नाहीत म्हणे. माझ्या मते शीआनच्या तटाच्या आत यापेक्षा मोलाची जागा नाही. १०८७ मध्ये इथे शिळा आणून ठेवायला सुरुवात झाली. सन ८३७ मध्ये पुरे झालेले कन्फ्यूशियन अभिजात ग्रंथांचे संपूर्ण पाठ ११४ शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरलेले आहेत. छापखाना सर्रास होण्याआधी नक्कल करणाऱ्याने चूक केली तर ताडून पाहायचे ठिकाण ते हे. ७८१ मधली, चीनमध्ये ख्रिस्ती पंथ पोहोचल्याची नोंद करणारी शिळा इथे आहे आणि तिच्यावर चिनी अक्षरांबरोबर सिरियाक ही पश्चिम आशियातली लिपीही आहे. आणि ह्युएन त्संगची ती प्रस्तावना इथे वेगळ्याच रूपात आहे. चौथ्या शतकात होऊन गेलेल्या वांग शीझ्र याच्या हस्ताक्षराचे चिनी लोकांना वेड. तेव्हा एका भिक्षूने त्याच्या उरलेल्या लिखाणातून वर्षानुवर्षे एकेक अक्षर वेचून ही सबंध प्रस्तावना जुळवली आणि ६७२ मध्ये ती दगडावर उतरली. तीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाकडून नवा मजकूर लिहून घेण्याचा हा प्रकार आहे.

एका दालनात ठक-ठक असा आवाज येत होता. एक कर्मचारी शिळेवर ओला पातळ कागद चढवून, तो ब्रशने अक्षरांच्या खाचांत ठोकून बसवत होता. कागद जरा सुकत आला की कापडाच्या गादीवर शाई घेऊन ती हलक्या हाताने थापत जायची. उंचवट्यावर काळे होते, खाच कोरी राहते, आणि काळ्यावर पांढरी अक्षरे उमटतात. आम्ही तिथे पाऊण तास उभे होतो. गाईडने एकदाही घड्याळ दाखवले नाही. शहराच्या मध्यावरच्या घंटाघरातली मूळ घंटा, सन ७११ मध्ये ओतलेली, तीही याच संग्रहालयाच्या आवारात आहे. घंटाघरात टांगलेली घंटा तिची प्रतिकृती आहे.

रात्री थांग काळाच्या नावाने सजवलेल्या, मोठ्या पॅगोड्याच्या दक्षिणेकडच्या झगमगत्या रस्त्यावर गेलो. भाड्याचे जुन्या धाटणीचे पोशाख घातलेल्या तरुणी, प्रत्येकीबरोबर एक छायाचित्रकार, आणि कानठळ्या बसवणारे संगीत. ज्यांना आवडते त्यांना आवडो. आम्ही वीस मिनिटांत परतलो.

तिसऱ्या दिवशीच्या अर्ध्या दिवसात गाडीचा काहीही उपयोग नव्हता, आणि ही गोष्ट पैसे देण्याआधी नकाशा पाहून आमच्या लक्षात यायला हवी होती. तट, घंटाघर, नगारखाना, मशीद आणि मुस्लिम वस्ती एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पत्रिकेत तटासाठी चाळीस मिनिटे होती; आम्ही गाईडला तिथूनच निरोप देण्याचे ठरवले, पण ती स्वतःच्या मर्जीने मशिदीपर्यंत बरोबर आली.

तटाचे तिकीट ५४ युआन. घेर सुमारे १३.७ किलोमीटर, उंची १२ मीटर, आणि माथ्याची रुंदी १२ ते १४ मीटर, म्हणजे वर दोन गाड्या सहज एकमेकींना ओलांडून जातील इतकी. माथ्यावर सायकली भाड्याने मिळतात. दर १२० मीटरांवर तटातून बाहेर आलेला एक बुरूज आहे. दोन बुरुजांच्या मधल्या जागेत शिरलेला शत्रू दोन्हीकडच्या बाणांच्या टप्प्यात यावा, असे ते अंतर धरले आहे, आणि सायकलवरून बुरूज मोजत गेले की ते गणित पायांना समजते. फरशीच्या विटा जागोजागी उंचसखल आहेत, त्यामुळे सायकलचे हँडल हातात थरथरत राहते. मनगटे दुखणाऱ्यांनी पायीच जावे. पुरी फेरी मारायला आम्हाला दोन तास लागले. आतल्या अंगाला करड्या कौलांची छपरे, बाहेर उंच इमारती, आणि खाली खंदकाच्या कडेच्या बागेत दोन तारांचे वाद्य वाजवणारा एक म्हातारा: या शहराची ओळख आम्हाला इथे जितकी झाली तितकी गाडीच्या काचेतून झाली नव्हती.

मोठी मशीद पाहताना घुमट आणि मनोरे शोधू नयेत. परंपरेने तिची स्थापना ७४२ मध्ये झाल्याचे सांगतात. आताची बांधणी मुख्यतः मिंग काळातली आहे आणि बाहेरून ती चिनी मंदिरासारखी दिसते, वळणदार छपरे, एकापाठोपाठ एक चौक आणि मधोमध लाकडी मंडप. फरक दिशेचा आहे: चिनी मंदिरे साधारणतः दक्षिणाभिमुख असतात, इथला मुख्य अक्ष मक्केच्या दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. नमाजाच्या दालनात इतरांना प्रवेश नाही, पण दारातून आतल्या लाकडी फळ्यांवर कोरलेले कुराणाचे लेखन दिसते. बाहेरच्या गल्ल्यांत विक्रेत्यांचा कल्ला असतो आणि आत पक्ष्यांचा आवाज ऐकू येतो.

जेवण आम्ही मुस्लिम वस्तीतल्या एका मागच्या गल्लीत घेतले. मी पाओमो मागवले. हा पदार्थ समजायला मराठी माणसाला वेळ लागत नाही, कारण तो शुद्ध कुस्करा आहे. आधी रिकामा वाडगा आणि दोन घट्ट, जाड रोट्या समोर येतात आणि त्या आपणच बोटांनी कुस्करायच्या असतात. मी बोराएवढे तुकडे करून वाडगा पुढे सरकवला. वाढणाऱ्या बाईंनी त्यात डोकावून पाहिले, मान हलवली आणि वाडगा परत माझ्यापुढे ठेवला. शेजारच्या टेबलावरचे आजोबा गप्पा मारीत हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करीत होते. त्यांचे निम्मेही झाले नव्हते. अखेर माझा वाडगा मंजूर झाला, क्रमांकाचा बिल्ला लावून आत गेला आणि मटणाच्या रश्श्यात शिजून, त्याच बिल्ल्यासह माझा मलाच परत मिळाला. बरोबर गोडसर मुरवलेला लसूण येतो, तो टाळू नये. पत्नी शाकाहारी आहे. तिने गव्हाच्या सत्त्वाच्या थंड पट्ट्यांवर व्हिनेगर आणि मिरचीचे तेल घातलेले ल्यांगपी खाल्ले, आणि नंतर चिकट भात व खजुरासारख्या लाल फळांचे थर देऊन वाफवलेली गोड खीचडी दोनदा घेतली. लिन्तोंगची डाळिंबे त्या दिवसांत रस्तोरस्ती होती. मुख्य रस्त्यावरच्या दिव्यांच्या माळांखालच्या दुकानांत तेच पदार्थ महाग आणि घाईचे मिळतात.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. पैसे देणे सगळीकडे फोनवरून चालते. निघण्यापूर्वी अलीपे या पैसे देण्याच्या चिनी अ‍ॅपला आपले कार्ड जोडून घ्यावे, कारण नोट नाकारत नाहीत पण सुटे परत देताना दुकानदाराची धांदल उडते. गूगलचे नकाशे आणि शोध तिथे नेहमीसारखे उघडत नाहीत, त्यामुळे हॉटेलचे नाव आणि पत्ता चिनी अक्षरांत जवळ असावा. १ ते ७ ऑक्टोबर या राष्ट्रीय सुट्टीच्या आठवड्यात जाण्याचा विचारही करू नये.

निरोप घेताना गाईडने, आम्ही न मागता, तिच्या वहीतले पान फाडून त्यावर चिनी अक्षरांत कांस्यरथांच्या संग्रहालयाचे नाव आणि स्वतःहून तिथे पोहोचण्याची वाट लिहून दिली. आमची गाडी संध्याकाळची होती आणि परत लिन्तोंगला जाऊन येणे शक्य नव्हते, म्हणून ती इथे देतो: मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या मार्गाने ह्वाछिंगछ स्थानकावर उतरावे, तिथून शहर-बसने संग्रहालयाच्या आवारात जावे, तिकीट आदल्या दिवशी काढलेले असावे, आणि गर्दी कमी असताना आधी रथ पाहून मग मोफत बसने खड्ड्यांकडे यावे. शेवटची ओळ तिने इंग्रजीत लिहून खाली दोनदा रेघ ओढली होती: स्थानकाबाहेर ‘सैनिकांकडे जाणारी गाडी’ असे ओरडत कोणी पुढे आले तर त्याच्याबरोबर जाऊ नका, ती आधी कारखान्याकडे जाते.